“बाबांना सांग, जेवायला बसा”

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी 1920च्या दशकातल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची. तिथे आणि लालबाग-परळला कुटुंबभेटी देताना बोलण्याची एक पद्धत मला फार दिसते. पाड्यांवर जाणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांसाठी ती इथे मांडते.

नवरा-बायकोत बिनसले, की दोघे हाकेच्या अंतरावर बसलेले असूनही बोलणे मुलामार्फत चालते. “बाबांना सांग, जेवायला बसा.” “आईला म्हणावं, भूक नाही.” निरोप दोघांनीही ऐकलेला असतो, तरी मूल तो पोचवते.

याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. बाहेर सामाईक गॅलरी. आवाज चढला तर मजलाभर कळणार. शिवाय सवय जुनी आहे. गिरणी कामगाराची बायको कोकणात असली, तर पत्र बहुधा कोणीतरी लिहून द्यायचे आणि गावी कोणीतरी वाचून दाखवायचे. मनातले त्यात किती मावणार! पुढे जानेवारी 1982मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या काळात लहान असलेल्या काहीजणी सांगतात, की वाण्याची उधारी किती झाली हे बाबांना सांगायला आई त्यांनाच पुढे करायची.

अमेरिकेतल्या कुटुंबोपचारतज्ज्ञ व्हर्जिनिया सॅटिर यांनी ताणाच्या वेळी बोलण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या: पडते घेणे, दोष देणे, भावना बाजूला ठेवून कोरडा तर्क करणे आणि विषय भरकटवणे. पाचवी तऱ्हा सरळ बोलण्याची. मनात आहे तेच शब्दांत आणि चेहऱ्यावर. प्रशिक्षणात ही यादी उपयोगी पडते. पण आपल्या घरांत या चारही तऱ्हा मुलाच्या तोंडून वापरल्या जातात, हे यादीवरून कळत नाही.

चौथीतली एक मुलगी मला म्हणाली, “आई रागाने बोलली ना, की मी बाबांना थोडं चांगलं करून सांगते.” घर शांत ठेवण्याचे काम तिने अंगावर घेतले होते. खरे कळले तेव्हा दोघांनीही तिलाच खोटारडी ठरवले. महिनाभर ती शाळेत कोणाशी बोलत नव्हती.

अशा घरी मी मुलाला बाहेर खेळायला पाठवते आणि म्हणते, “वहिनी, हे तुम्हीच भाऊंना सांगा, मी बसले आहे.” सुरुवात पैशाच्या भांडणाने करू नये, रेशन, शाळेची वेळ असे साधे काही निवडावे. पहिल्या भेटीत दोन वाक्ये झाली तरी पुष्कळ. “तू नेहमी असंच करतोस” याऐवजी “काल तू उशिरा आलास, मी घाबरले” एवढे म्हणवून घ्यावे.

दारू किंवा मारहाण असेल तिथे मात्र दोघांना असे समोरासमोर बसवू नये. तिथे आधी बाईशी एकटीने बोलावे, आणि मुलाला धोका दिसला तर 1098 वर फोन करावा.