नातं सांगणारे आकडे : डीएनए चाचणीच्या बारा गोष्टी

आपल्या सोनई गावात कुणाच्या गोठ्यात कालवड जन्मली की तिचा बाप कोण, हे विचारायला कुणी लाजत नाही. कृत्रिम रेतनासाठी कोणत्या वळूची कांडी भरली ते कांडीवरच छापलेलं असतं, आणि चांगल्या वळूची कालवड म्हटली की भावही चढतो. हाच प्रश्न माणसाच्या लेकराबद्दल निघाला की मात्र कुजबुज सुरू होते, आणि ऐकीव माहितीवर भरलेली घरं मोडतात. म्हणून पितृत्वाच्या डीएनए चाचणीबद्दलच्या या बारा गोष्टी.

१. सुई नको, उपास नको
टोकाला कापूस असलेली काडी गालाच्या आतून फिरवली की काम झालं. तिला चिकटलेल्या पेशींत हवा तेवढा डीएनए मिळतो. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत कुणाचाही नमुना चालतो. काडी वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि जंतू डीएनए खराब करतात.

२. खेळ सगळा जोड्यांचा
कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. प्रयोगशाळा पाहते त्या मोजक्या जागा, जिथे तीच चार-पाच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, हा आकडा माणसागणिक बदलतो. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा.
‘टीएच-०१’ ही अशीच एक जागा. समजा तिथे मुलाचे आकडे ६ आणि ८ आहेत, आईचे ६ आणि ९. मुलाचा ६ आईकडून आला, म्हणजे ८ बापाकडूनच यायला हवा. समोरच्या पुरुषाचे आकडे ७ आणि ८ असतील तर या जागी तो जुळला. ७ आणि ९ असतील तर नाही जुळला. अशा साधारण १५ ते २४ जागा तपासतात.

३. एक आकडा हुकला म्हणून बाप बदलत नाही
बापाकडून मुलाकडे येताना एखादा आकडा क्वचित एका घराने पुढेमागे सरकतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात, आणि ते आईपेक्षा बापाकडून जास्त वेळा होतं. त्यामुळे एकाच जागी फरक दिसला तर जाणकार लगेच ‘नाही’ म्हणत नाहीत, आणखी जागा तपासतात. नकार द्यायला अनेक जागी न जुळणारे आकडे लागतात.

४. ‘नाही’ ठाम असतं, ‘हो’ मात्र ९९.९९ टक्के
आठव्या गोष्टीतले दुर्मीळ अपवाद सोडले, तर अहवालात शून्य टक्के म्हणजे तो पुरुष जैविक पिता नाही, विषय संपला. ‘हो’च्या बाजूने मात्र १०० टक्के सहसा लिहीत नाहीत, कारण तो हिशेब शक्यतेचा असतो. हा पुरुष बाप असेल तर असे आकडे जुळण्याची शक्यता, वाटेल त्या परक्या पुरुषाच्या तुलनेत किती पट आहे, ते मोजतात. त्याला पितृत्व निर्देशांक म्हणतात. सुरुवातीला दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरल्या, तर निर्देशांक १०० असताना उत्तर येतं ९९ टक्के, आणि १०,००० असताना ९९.९९ टक्के. उरलेल्या ०.०१ टक्क्यावर संशयाचे इमले बांधू नका.

५. रक्तगटावरून आरोप नको
‘बाप ओ गटाचा, मग मूल एबी कसं?’ या प्रश्नाने किती घरांत वादळं उठली असतील! त्याचं एक उत्तर मुंबईने दिलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. या गटाचा माणूस साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण ए किंवा बीचं जनुक त्याच्या अंगात दडलेलं असू शकतं आणि ते मुलात उतरतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो.

६. सख्खा भाऊ असेल तर आधी सांगा
एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावांत बाप कोणता, हे नेहमीच्या चाचणीला सांगता येत नाही. साध्या सख्ख्या भावांतही बरेच आकडे सारखे निघतात. दोघांपैकी कुणीही बाप असण्याचा प्रश्न असेल तर प्रयोगशाळेला तसं आधीच सांगावं, म्हणजे जास्त जागा तपासल्या जातात.

७. बाप हयात नसला तरी वाट आहे
आजी-आजोबांच्या नमुन्यांवरून नातं शोधता येतं. मुलगा असेल तर वाय गुणसूत्रही उपयोगी पडतं, कारण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पण आजा, चुलता, चुलतभाऊ या सगळ्या भाऊबंदांत ते एकच असतं. वाय जुळलं म्हणजे घराणं जुळलं, बाप ठरला असं नव्हे.

८. स्वतःच्याच मुलाचा ‘काका’
अमेरिकेत एका माणसाच्या चाचणीत तो आपल्या मुलाचा बाप नाही असं निघालं. पुढच्या तपासात डीएनएने त्याला मुलाचा काका ठरवलं! गर्भातच विरून गेलेल्या जुळ्या भावाच्या पेशी त्याच्या शरीरात राहिल्या होत्या आणि त्याच्या काही शुक्रपेशी त्या भावाच्या डीएनएच्या होत्या. २०१५ साली ही गोष्ट जगासमोर आली. अस्थिमज्जा बदललेल्या माणसाच्या रक्तातही दात्याचा डीएनए दिसतो, म्हणून असा उपचार झाला असेल तर सांगायलाच हवं.
गोठ्यात असा पेशींच्या सरमिसळीचा प्रकार अधिक दिसतो. गाईला खोंड आणि कालवडीचं जुळं झालं की गर्भातच दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं, आणि ती कालवड बहुतेक वेळा पुढे गाभण राहत नाही. अशा वासरांची डीएनए तपासणी रक्तावरून न करता केसांच्या मुळांवरून करणं चांगलं.

९. जुळं एक, बाप दोन
एकाच पाळीच्या काळात दोन बीजं सुटली आणि ती दोन वेगळ्या पुरुषांकडून फळली, तर जुळ्यांचे बाप वेगळे असू शकतात. माणसांत हे फार दुर्मीळ. कुत्रीच्या एका वेतात मात्र सहज घडतं.

१०. शोध इंग्लंडचा, भारतात हैदराबादची वाट
१० सप्टेंबर १९८४ रोजी लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे पहिल्यांदा दिसले. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंह यांनी भारतीय तंत्र उभं केलं. त्याच दशकाच्या अखेरीस केरळातल्या तलश्शेरीच्या पितृत्वाच्या खटल्यात ते न्यायालयात वापरलं गेलं.

११. संशय बहुतेक वेळा खोटा ठरतो
‘दहात एक मूल दुसऱ्याचं’ ही लोणकढी थाप आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या घराण्यांच्या ५०० वर्षांच्या अभ्यासात हे प्रमाण दर पिढीला सुमारे १ टक्का निघालं. ज्यांना दाट संशय होता अशा पुरुषांबद्दलचे वेगवेगळे अभ्यास २००६ मध्ये एकत्र पाहिले गेले. त्यांतही साधारण १०० पैकी ७० जण खरे बाप निघाले.

१२. न्यायालय मुलाच्या बाजूने उभं राहतं
लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने दुसरं लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल कायदा सहसा त्या नवऱ्याचंच मानतो. यासाठी पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ आहे. विदर्भातल्या एका पोटगीच्या खटल्यात मात्र नागपूर आणि हैदराबाद या दोन्ही प्रयोगशाळांनी ‘पिता नाही’ असं सांगितलं, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाचा निकाल मानला. आधी दिलेली पोटगी मात्र परत मिळणार नाही, असंही सांगितलं. २०२३ मध्ये पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने चाचणीला नकार दिला. बायकोवरचा आरोप सिद्ध करायला लेकराला हत्यार करू नका, हा त्याचा अर्थ. घरी मागवलेल्या किटच्या अहवालावर तर न्यायालयात विसंबताच येत नाही, कारण नमुना नेमका कुणाचा, याला साक्षीदार नसतो.

आपली सोनई ज्या नेवासे तालुक्यात, त्याच नेवाशात ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून ज्ञानदेवांसह चार भावंडांना वाळीत टाकलं होतं, असं परंपरा सांगते. आईबापांच्या वागण्याची शिक्षा लेकरांना देणं तेव्हाही चूक होतं, आजही चूकच आहे. डीएनए एवढंच सांगतो की बीज कुणाचं. वाढवलं कुणी आणि रात्री जागलं कोण, हे तो सांगत नाही. तेव्हा मनात शंका आली तर कुजबुजीवर जाऊ नका, लेकरासमोर विषय काढू नका, आणि किट मागवण्याआधी वकिलाशी बोला. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना आणि मुलांना कायद्याचा सल्ला मोफत मिळतो. तो जरूर घ्या.