मुंबईची सोप्रानो : पॅट्रिशिया रोझारियो

रेडिओची कळ फिरवता फिरवता रात्री केव्हातरी एखादे परदेशी केंद्र लागते आणि एका बाईचा आवाज वर, आणखी वर चढू लागतो. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "अहो, बंद करा ते! काय किंचाळतेय ती!" वाचकहो, आपल्याला तसे वाटते, कारण त्या गाण्याची रीत आपल्या कानाला कोणी सांगितलेलीच नसते. ती रीत आज थोडी सांगतो, आणि तीही मुंबईतच जन्मलेल्या एका गायिकेच्या निमित्ताने. पॅट्रिशिया रोझारियो हे त्यांचे नाव.

ऑपेरा म्हणजे युरोपातले संगीत नाटक समजा. फरक एवढाच, की आपल्याकडे बोलता बोलता पद सुरू होते. तिथे बहुधा भांडणसुद्धा गाऊनच करायचे! त्यातल्या स्त्रियांच्या सर्वांत उंच आवाजाला 'सोप्रानो' म्हणतात. किती उंच? आपल्या बहुतेक गायिका काळी चार किंवा पाचच्या आसपास षड्ज लावतात आणि तार सप्तकातल्या पंचमापर्यंत पोचल्या की श्रोते माना डोलावतात. सोप्रानोला त्याच्याही वर चार-पाच स्वर जावे लागते. त्या टोकाच्या स्वराची सेकंदाला हजाराहून अधिक कंपने होतात.

बरे, एवढ्या वर जायचे कशाला? शेताच्या बांधावरून पलीकडच्या माणसाला हाक मारताना तुमचा आवाज आपोआप चढतो की नाही? उंच आवाज दूर ऐकू जातो. ऑपेराच्या रंगमंचावर रूढीने ध्वनिक्षेपक नसतो, आणि समोर पन्नास-साठ वादकांचा ताफा असतो. त्या सगळ्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. जुने कीर्तनकार देवळाचा मंडप भरून टाकीत, ती विद्या याच जातीची. नुसता जोर लावून हे होत नाही, घसा बसेल. गायिका स्वर चढेल तसा जबडा अधिक उघडते, तोंडाच्या पोकळीचा आकार त्या स्वराशी जुळवते, आणि मग थोड्या श्वासात आवाज घुमतो. मात्र त्यामुळे अ, इ, उ यांतला भेद पुसट होतो. वरच्या स्वरांवर शब्द कळत नाहीत ते म्हणून. त्याबद्दल गायिकेला दोष देऊ नका.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. वर्षानुवर्षे कोणीतरी समोर बसून ऐकावे आणि चुकेल तिथे थांबवावे लागते, आपल्या गुरुशिष्यांसारखेच. पॅट्रिशिया १९६० साली मुंबईत जन्मल्या, त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईत आणि गोव्यात चर्चमधल्या गाण्याची परंपरा जुनी आहे. वांद्रे, अंधेरी, वसई या भागांत रविवारी सकाळी अनेक आवाजांचे समूहगान ऐकू येते. गाते गळे होते, पण ऑपेराच्या दर्जाचे पुरे शिक्षण मिळण्याची सोय इथे नव्हती. त्या लंडनच्या गिल्डहॉल संगीत-नाट्य शाळेत गेल्या आणि तिथले सुवर्णपदक त्यांनी मिळवले.

पुढे जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) या इंग्रज संगीतकाराशी त्यांची गाठ पडली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हाच सर्वांत रसाळ भाग. टॅव्हनरला पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांतल्या जुन्या गायनाची ओढ होती. त्याला लांब श्वासाचा, वरच्या स्वरांवर न डगमगता तरंगणारा आवाज हवा होता. तो त्याला या मुंबईकर गळ्यात सापडला आणि त्याने त्यांच्यासाठी तीसहून अधिक रचना केल्या. १९९२ साली ऑल्डबरा येथे त्याच्या 'मेरी ऑफ इजिप्त' या ऑपेरात मेरीची भूमिका त्यांनीच केली. २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची सुमारे सात तासांची, रात्रभर चालणारी रचना झाली, तीतही त्या गायल्या. आपल्याकडच्या भजनाच्या जागराला बसणाऱ्यांना हा प्रकार परका वाटू नये! एस्टोनियाचे अर्वो पॅर्ट यांनीही त्यांच्यासाठी एक रचना लिहिली. २००१ मध्ये ओ. बी. ई. हा ब्रिटिश किताब त्यांना मिळाला.

पण इथल्या मुलामुलींचे काय? ज्याला लंडन परवडेल त्यानेच शिकायचे का? २००९ साली त्यांनी आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम सुरू केला. दोघांनी भारतात वरचेवर यायचे आणि इथल्याच तरुण गळ्यांना समोर बसवून शिकवायचे, असा तो बेत.

(शिक्षकमित्रांना जाता जाता एक विनंती. प्रार्थना स्वतःच्या पट्टीत सुरू करू नका. मुलांचा आवाज आपल्याहून उंच असतो. पेटी दोन-तीन पट्ट्या चढवा आणि कोणाचा गळा मोकळा होतो ते ऐका.)

गिरगावाजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या कार्यक्रमात पॅट्रिशिया रोझारियो गायल्या. पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, त्याच रंगमंचावर चिमारोझा या इटालियन संगीतकाराचा एका गुप्त लग्नावरचा विनोदी ऑपेरा झाला, आणि त्यात त्यांच्या तालमीतले गळे ऐकायला मिळाले.