नव्या गाडीनंतरची रुखरुख
रोजच्या ये-जा करण्यासाठी आपण छोटी मोटार घेतली, पेढे वाटले आणि पंधरवड्यातच ‘थोडे पैसे घालून मोठी घ्यायला हवी होती’ अशी रुखरुख लागली, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धांतानुसार, निवड होताच नाकारलेल्या पर्यायाचे गुण आणि घेतलेल्या वस्तूचे दोष मनाला सलू लागतात.

म्हणून आपली तक्रार आधी पारखून घ्यावी. आसन ठेंगणे असल्याने सासूबाईंचे गुडघे दुखतात, ही खरी गैरसोय. तिच्यावर जाड, घट्ट उशीसारखा उपाय शोधता येतो. शेजाऱ्यांची गाडी ऐसपैस आहे, ही निव्वळ तुलना. ती कोणत्याही गाडीने संपत नाही.

खरी हानी मात्र सहसा ध्यानात येत नाही. ती म्हणजे बसथांब्यापर्यंतचे सुटलेले चालणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. कचेरीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर गाडी उभी करून भरभर चालल्यास पाच दिवसांत १०० मिनिटे सहज भरतात. गाडीचे समाधान टिकवायचे, तर एवढे चालणे राखावे.