पासबुकाचा नियम शेताला नाही

रिद्धपूरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. चार एकर शेत, सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं सामाईक. नवरा वारला. माझं नाव आहेच, त्यांचं तेवढं कमी केलं की झालं ना, असं त्या विचारतात.

नाही होत. हा समज बँकेतून आलेला. जोडखात्यात एक गेला तर दुसऱ्याला पैसे मिळतात, म्हणून शेतही तसंच येईल असं वाटतं. पण दोघांनी मिळून घेतलेल्या जमिनीत नवऱ्याचा निम्मा हिस्सा, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे वारसांकडे जातो. वारस म्हणजे बायको, मुलं, मुली आणि मयताची आई. आईला बरेच जण विसरतात! बाईंच्या घरी एक मुलगा, एक लग्न झालेली मुलगी आणि सासूबाई आहेत. म्हणजे बाईंचे स्वतःचे दोन एकर. उरलेल्या दोन एकरांचे चार वाटे, प्रत्येकी वीस गुंठे. बाईंचे एकूण अडीच एकर. (वडिलोपार्जित शेताचा हिशेब वेगळा.)

पण बाईंचं नाव सातबाऱ्यावर चढलं कसं, हे आधी पाहायला हवं. इथे अमरावतीला मान द्यावा लागतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन अमरावतीत भरलं आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम तिथून निघाली. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. पुढे १९९२ साली सरकारनंही परिपत्रक काढलं आणि नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय झाली.

मोहीम मोठ्या मनाची, पण कागद कच्चा. सातबारा हे महसुलाचं दप्तर; नुसत्या नोंदीनं मालकी येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. खरेदीखतातच बाईंचं नाव असेल तर अडीच एकर पक्के. नाव केवळ अर्जावरून लागलं असेल, तर उद्या एखादा वारस म्हणेल, सगळं शेत बापाचंच होतं. ते टिकलं तर चार एकरांचे चार वाटे होतील आणि बाईंच्या हाती एकच एकर राहील. म्हणून पटवाऱ्याकडून जुना फेरफार काढून वाचावा.

बाकी काम सरळ आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याकडे वर्दी द्यायची. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी वऱ्हाडात पटवारीच.) वारस नोंदवहीत नोंद, मग फेरफार, नोटीस, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. मुदत उलटली तरी नोंद होते. २०२५ ची ‘जिवंत सातबारा’ मोहीम तर असल्या रखडलेल्या वारसनोंदींसाठीच बुलढाण्यातून सुरू झाली.

लेकीला आणि सासूबाईंना आपले वीस-वीस गुंठे बाईंना द्यायचे असतील, तर तोंडी चालणार नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्रच लागेल, आणि ते तेरवीच्या गर्दीत कुणाची सही उरकून घेऊन करू नये.