जर्मनीला जाताय? आधी खोलीचं बघा
जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांनी व्हिसाइतकीच धावपळ खोलीसाठीही करावी, असं माझं ठाम मत आहे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो नसेल तर पुढचं सगळंच रखडतं; कराचा क्रमांकसुद्धा नोंदवलेल्या पत्त्यावरच टपालाने येतो.

विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे की, असं कुणी म्हणेल. ते मार्गदर्शन करतं, पण विद्यार्थी वसतिगृहं बहुतेक शहरांत श्टुडिरेंडनवेर्क ही वेगळी संस्था चालवते आणि तिच्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. खासगी खोली घेऊ म्हणाल, तर सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरोंचा खर्च धरतात; म्युनिकचं भाडं भरून त्यात जेवणखाण आणि आरोग्यविमा बसवणं फार कठीण. म्हणून जिथे चालतं तिथे प्रवेशपत्राची वाट न बघता वसतिगृहाचा अर्ज टाकून द्या.