होडीला मोटर किती ताकदीची?

खाडीत मासेमारी करणाऱ्या पाच मीटर लांबीच्या होडीला पेट्रोलच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर बसवायची आहे. इंजिन पाच अश्वशक्तीचे होते, म्हणून मोटरही तेवढीच, म्हणजे सुमारे ३,७३० वॅटची घ्यावी, असे सहज वाटते. पण मोटा वेग हवा तर बॅटऱ्यांचे ओझे वाढते. मोटर छोटी घेतली तर ओहोटीच्या ओढीत होडी किनाऱ्याला परत येईल ना, हा प्रश्न उरतो. तेव्हा आपण लागणारी शक्ती मोजूनच पाहू.

त्यासाठी ताणकाटा, लांब दोरी आणि घड्याळ पुरे. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबलेले असताना, माणसे व जाळी घेतलेली आपली होडी दुसऱ्या होडीने ओढून न्यावी. दोरीत ताणकाटा अडकवावा. किनाऱ्यावरील खुणांवरून १०० मीटर अंतर ७२ सेकंदांत कापले, तर वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १.४ मीटर झाला. समजा, तेव्हा काटा १४ किलोग्रॅम दाखवतो. म्हणजे पाण्याचा विरोध सुमारे १४० न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ती येते सुमारे २०० वॅट. मोटर आणि पंखा यांत साधारण निम्मी ऊर्जा वाया जाते, म्हणून बॅटरीतून ४०० वॅट घ्यावे लागतील.

आता वेग दुप्पट करू. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० किलोमीटरसाठी आठपट, म्हणजे ३,२०० वॅट हवेत. प्रत्यक्षात याहूनही जास्त लागतात, कारण या वेगाला होडीने उठवलेली लाट होडीइतकीच लांब होते आणि विरोध एकदम वाढतो.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.२ युनिट वीज मावते. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरावी. अशा चार बॅटऱ्यांतून २.४ युनिट मिळतात. ४०० वॅटने होडी ६ तासांत ३० किलोमीटर जाईल. ३,२०० वॅटने पाऊण तासात जेमतेम साडेसात. या चार बॅटऱ्यांचे वजन सुमारे १२० किलोग्रॅम, म्हणजे दोन माणसांएवढे! लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या निम्म्याहून हलक्या असतात, पण महाग पडतात.

मग ४०० वॅटची मोटर घ्यावी का? नाही. परतताना ओहोटीची ओढ ताशी ३ किलोमीटर असेल, तर होडी ताशी २ किलोमीटरनेच पुढे सरकेल. ओढ ५ असेल तर जागच्या जागी राहील. ताशी ८ किलोमीटरची तयारी हवी, आणि त्याला सुमारे १,६४० वॅट लागतात. म्हणून मोटर २,००० वॅटची घ्यावी, पण रोज चालवावी ४०० वॅटच्या आसपास. परतीसाठी एक युनिट राखून ठेवावे. ओहोटीबरोबर बाहेर पडून भरतीबरोबर परतण्याची जुनी रीत विजेच्या होडीलाही तितकीच सोयीची आहे.

वरच्या वर्गांना एक उदाहरण द्यावे. बॅटरी उतरत आली आहे, ओढ ताशी ३ किलोमीटरची आहे. कोणत्या वेगाने गेल्यास दर किलोमीटरला सर्वांत कमी वीज लागेल? वेगवेगळे वेग घेऊन विद्यार्थ्यांनी कोष्टक करावे. उत्तर प्रवाहाच्या दीडपट, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर येते. त्याहून घाई केली तरी वीज जास्त जाते, आणि फार सावकाश गेले तरीही.