निरोप देण्यापूर्वी ऐकून घेऊ या

आपल्या शाळा, रुग्णालये व समाजसेवा केंद्रे यांतून शिक्षक, परिचारिका, लिपिक राजीनामा देऊन जातात. शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांना निरोप देतो. परंतु ते का जात आहेत, हे विचारावयाचे राहून जाते. हे जाणून घेण्यासाठी होणाऱ्या संवादास ‘एक्झिट इंटरव्ह्यू’ अर्थात निरोपाची मुलाखत म्हणतात.

हा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठ-नियमावलीच्या ६१ व्या प्रकरणात पाहुण्या संन्याशाचा उल्लेख आहे. त्याने नम्रतेने व प्रेमाने एखादे वैगुण्य दाखवले, तर परमेश्वराने त्याला त्यासाठीच पाठवले असेल काय, याचा मठाधिपतीने विचार करावा, असे तेथे सांगितले आहे. निघालेल्या सहकाऱ्याकडेही आपण याच दृष्टीने पाहावयास हवे.

ही मुलाखत थेट वरिष्ठाने घेऊ नये. ज्याच्याशी बिनसले, त्याच्यापुढे मन मोकळे होत नाही. त्यासाठी व्यवस्थापनातील अन्य विश्वासू व्यक्ती नेमावी. अनुभवाचा दाखला व देय रकमा यांची लेखी हमी आधीच द्यावी. अन्यथा दाखला अडकेल या भीतीने ‘घरगुती कारण’ एवढेच उत्तर मिळते. ग्रॅच्युइटी हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, संस्थेची कृपा नव्हे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांनाही तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाला.

प्रश्न मोजकेच असावेत. काम सोडण्याचा विचार प्रथम केव्हा आला? काय बदलले असते तर आपण थांबला असता? कामाचा भार, वेतन व वागणूक यांविषयी आपला अनुभव काय? उत्तरांवर वाद घालू नये. थांबण्याचा आग्रहही धरू नये.

गुप्ततेची मर्यादा मात्र आरंभीच स्पष्ट करावी. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाविषयी सांगितल्यास २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तक्रार करण्याचा मार्ग तिला दाखवावा.

एकाचे म्हणणे म्हणजे निर्णय नव्हे. परंतु लागोपाठ तिघांनी एकच कारण सांगितले, तर दोष जाणाऱ्यांत शोधून चालणार नाही. म्हणून नावे वगळून केलेले टिपण वर्षातून एकदा व्यवस्थापन मंडळापुढे ठेवावे व त्यावर काय केले, याची नोंद करावी.

पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ मधील ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा श्रमिकांच्या प्रतिष्ठेची शिकवण देत आली आहे. ती आपल्याच संस्थांतील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचली की नाही, हे जाणारा सहकारी आपणास सांगू शकतो. आपण त्याला विचारले पाहिजे.